आधी वाचक, मग छपाई

सोलापुरातून दरवर्षी एक पुस्तक निघते आणि गुढीपाडव्याच्या आत महाराष्ट्रभर पोचलेले असते. पुरोहिताच्या पिशवीत, पूजासाहित्याच्या दुकानात, बडोदा-इंदूरच्या मराठी घरांत ते सापडते. ते म्हणजे दाते पंचांग. नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले, धुंडिराजशास्त्री दाते यांनी वाढवलेले आणि मोहन दाते यांनी पुढे चालवलेले हे पंचांग शंभरी ओलांडून गेले आहे. गणित मांडणारे, मजकूर सिद्ध करणारे आणि तो प्रसिद्ध करणारे घर एकच. आपण आज ज्याला स्वप्रकाशन म्हणतो, त्याचे इतके टिकलेले दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही. तरीही लेखकमंडळी या विषयावर बोलायला बसली की पंचांगाचे नाव निघत नाही. पंचांग म्हणजे काही वाङ्मय नव्हे, असे आपण धरून चालतो आणि त्याच्याकडून शिकण्यासारखे जे आहे तेही सोडून देतो.

पंचांग छपाईला जाते तेव्हा ते कोण घेणार, कधी घेणार आणि कशासाठी घेणार, हे पंचांगकर्त्याला ठाऊक असते. मुहूर्त पाहणाऱ्यासाठी, श्राद्धतिथी शोधणाऱ्यासाठी, ग्रहणाचे वेध विचारणाऱ्यासाठी पान ठरलेले असते. पाडवा उलटला की मागणी ओसरते, म्हणून किती प्रती काढायच्या याचा हिशेबही आधीच करावा लागतो. पुणे इथून अडीचशे किलोमीटर आणि मराठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ तिथल्या अप्पा बळवंत चौकात, ही गोष्ट पंचांगाला कधी आडवी आली नाही.

आता याच शहरातला एखादा कवितासंग्रह घ्या. कवीने भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून पाचशे प्रती छापल्या. फडकुले सभागृहात प्रकाशन झाले, शाल-श्रीफळ झाले, दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकांत फोटो आला. त्या संध्याकाळी साठ-सत्तर प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या सप्रेम भेट. उरलेले गठ्ठे खाकी कागदात बांधलेल्या अवस्थेत रिक्षातून घरी आले आणि कॉटखाली सरकवले गेले. पावसाळ्यात त्यांना ओल लागते, घर बदलताना त्यांच्यावरून वाद होतो आणि कवी गेल्यावर मुले ते कुठल्याशा वाचनालयाला देऊन टाकतात. असे गठ्ठे मी सोलापूरच्या कितीतरी घरांत पाहिले आहेत. प्राध्यापक कॉलनीतही आणि पूर्व भागातल्या मागावरच्या घरांतही. त्यांत वाईट पुस्तके होती तशी उत्तमही होती. एका विडी कामगार बाईंचे आत्मकथन, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या चाळीची हकिगत, एका कीर्तनकाराच्या आठवणी: हे सगळे वाचकांपर्यंत पोचायला हवे होते.

स्वप्रकाशनाविषयीचे हे पुस्तक त्या गठ्ठ्यांमुळे लिहावेसे वाटले. मुद्रिते तपासण्याच्या निमित्ताने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या अनेकांशी माझा संबंध आला. त्यांच्या अडचणी ऐकताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. लेखक आधी छापखान्यात जातो आणि छापून झाल्यावर वाचक शोधायला निघतो. हा क्रम उलटा आहे. पुढच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून येतात. वाचक आधी उभा करावा, त्यातल्याच काहींकडून हस्तलिखित कठोरपणे तपासून घ्यावे आणि मग किती छापायचे ते ठरवावे. पुस्तकातली सगळी प्रकरणे-उपप्रकरणे याच एका म्हणण्याभोवती आहेत.

स्वतः पुस्तक काढण्याला आपल्याकडे एक कमीपणा चिकटला आहे. प्रकाशकाने घेतले नाही म्हणून स्वतः छापले, असे लोक बोलतात आणि लेखकही ते मान खाली घालून ऐकतो. या संकोचाला मराठीच्या इतिहासात काही आधार नाही. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले आणि कमिटीने ते नाकारले. फुले थांबले नाहीत. १८७३ सालची 'गुलामगिरी' त्यांनी स्वतःच छापवून प्रसिद्ध केली. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्या पाचशेंतल्या बहुतेक कुठे गेल्या कोणास ठाऊक. पण एक टिकली, स. गं. मालशे यांच्या हाती आली आणि १९७५ साली ते पुस्तक मराठीत पुन्हा उभे राहिले. त्या त्र्याण्णव वर्षांचा विचार केला की मला पुस्तक काढण्याइतकेच ते जपून ठेवण्याचे महत्त्व वाटू लागते. शेवटच्या प्रकरणात ग्रंथालयांना प्रती देण्याविषयी मी इतके आग्रहाने लिहिले आहे, ते त्यामुळे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा करायला माणसे गावोगाव पाठवली आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले. या सगळ्या खटाटोपाचा इतिहास त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. स्वतंत्रपणे पुस्तक काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. विद्वत्तेइतकाच त्यात वसुलीचा, वर्गणीदारांच्या तक्रारींचा आणि पैशाच्या ओढाताणीचा विषय आहे. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ पासून पुढे सतरा वर्षे असेच वाचकांच्या पाठबळावर काढले. आपल्या शेजारी, विजापुरात, फ. गु. हळकट्टी यांनी बसवकालीन कन्नड वचने छापण्यासाठी राहते घर विकून छापखाना घातला. सोलापूरच्या पुष्कळ घरांत कन्नड कळते. तेव्हा हळकट्टींचे नाव इथे परके नाही. घर विकावे असे मी कोणालाही सांगणार नाही. पण त्यांनी 'शिवानुभव' नावाचे नियतकालिकही चालवले, म्हणजे वचनांचा वाचकही घडवत नेला, ही त्यातली घेण्यासारखी बाजू आहे.

सोलापुरातले आणखी एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात इथून 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले. पुढे याच शहरात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ग्रंथांसाठी दिली आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. 'तिलोयपण्णत्ती'सारख्या अवघड प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ साली या ग्रंथमालेने काढला. संपादक होते कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. प्राकृत वाचणारे वाचक तेव्हाही मोजके होते. तरी ग्रंथमाला चालली, कारण मंदिरे, पाठशाळा आणि जाणकार घराणी यांची एक साखळी आधीपासून होती. कुठल्या गावी कोण वाचतो हे माहीत होते. मोजका वाचक असलेल्या पुस्तकाने कसे जगावे, याचा धडा याच शहरात शिकण्यासारखा आहे. कवितासंग्रहाचा वाचकही मोजकाच असतो. फरक इतकाच की कवीने त्याची नोंद ठेवलेली नसते.

आता थोडे हस्तलिखिताविषयी, कारण पुढच्या पानांत सर्वांत मोठे प्रकरण तेच आहे. प्रकाशकाकडे गेलेले पुस्तक निदान दोन-तीन परक्या डोळ्यांखालून जाते. चांगला प्रकाशक लेखकाला सांगतो की पहिली वीस पाने काढून टाका, तुमची गोष्ट एकविसाव्या पानावर सुरू होते. स्वतः छापणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. घरचे कौतुक करतात, मित्र भिडेखातर गप्प बसतात आणि डीटीपी करणारा मुलगा आलेला मजकूर जसाच्या तसा लावून देतो. छापून आल्यावर लेखकाला पहिल्याच पानावर चूक दिसते. मुद्रितशोधन आणि संपादन ही दोन वेगळी कामे आहेत, हे अनेकांना माहीतच नसते. वेलांटी-उकार दुरुस्त केले की पुस्तक तपासून झाले, असे ते समजतात. खरे तर आजोबांच्या बदलीची हकिगत तीन ठिकाणी तीन प्रकारे आली आहे, सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉचे प्रकरण आणि गिरणीतला संप यांची सरमिसळ झाली आहे, एकाच माणसाचे नाव दोन आडनावांनी पडले आहे, या चुका वाचकाला जास्त खटकतात.

याच ठिकाणी सोलापूरच्या लेखकाला आणखी एक अडचण येते. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. इथली मराठी कन्नड, तेलुगू आणि दखनी यांच्या शेजारात वाढली आहे. 'काय करलालास बे' हे वाक्य ज्याच्या कानात आहे, त्याच्या लेखणीत ते येणारच. मग मुद्रितशोधक, विशेषतः बाहेरगावचा, ते 'काय करतो आहेस रे' असे करून ठेवतो आणि पात्राचा जीव जातो. दुसरीकडे काही लेखक प्रत्येक चुकीला बोली म्हणून सोडवून नेतात. बोलीत बोलणारे पात्र आणि निवेदनातली ढिली वाक्यरचना यांत फरक आहे आणि तो ओळखणारा वाचक लेखकाला मिळालाच पाहिजे. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले, तेव्हा त्यातली भाषा पुस्तकी नव्हती आणि म्हणूनच ती वाचकाला भिडली. त्र्यं. वि. सरदेशमुखांनी 'डांगोरा एका नगरीचा' लिहिली ती अगदी वेगळ्या, संयमी भाषेत, आणि तिला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच जिल्ह्यातल्या या दोन भाषा आहेत. कोणती तुमची, हे तुम्ही ठरवायचे. तपासणाऱ्याने ती पुसायची नाही.

माझी सूचना साधी आहे. छापण्याआधी हस्तलिखिताच्या पाच झेरॉक्स काढा आणि पाच जणांना द्या. त्यात नातेवाईक नकोत. एक तरी माणूस असा हवा की जो त्या विषयातला जाणकार आहे, आणि एक असा की ज्याला त्या विषयात काहीच रस नाही. या दुसऱ्याने पुस्तक कुठे खाली ठेवले, ते पान लिहून घ्या. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या सोलापुरातल्या शाखांत, महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, जुन्या वाचनालयांच्या नियमित सभासदांत अशी माणसे आहेत. त्यांना रीतसर मानधन द्यावे. मुखपृष्ठाच्या चार रंगांवर खर्च करणारा लेखक संपादनाचे पैसे द्यायला कचरतो, हे बघून मला दरवेळी वाईट वाटते.

अक्षरजुळणीची एक तांत्रिक बाब इथेच सांगतो. लेखक आता मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये लिहितो. आपल्याकडचे अनेक जुने डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत काम करतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना रफार सरकतो, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मोडतात, अवतरणचिन्हे उलटी होतात. म्हणून रूपांतर झाल्यावर संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचावे लागते, नुसते चाळून भागत नाही. शक्य असेल तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत युनिकोडमध्येच काम करावे, आणि काम संपल्यावर पीडीएफबरोबर मूळ फाइलही हातात घ्यावी. दुसरी आवृत्ती काढताना किंवा ई-पुस्तक करताना ती नसेल तर सगळे पुन्हा टंकलिखित करायची पाळी येते. ही पाळी आलेले लेखक मी पाहिले आहेत.

पैशाच्या प्रकरणात मी एक नमुना हिशेब मांडला आहे. दर रोज बदलतात, म्हणून आकडे उदाहरणादाखल घ्यावेत; रीत महत्त्वाची. समजा डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक आहे, म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे. पाचशे प्रतींचा अक्षरजुळणी, कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि बांधणीसह खर्च प्रतीमागे ९० रुपये धरला, तर एकूण ४५,००० रुपये झाले. किंमत ठेवली २५० रुपये. दुकानदाराने चाळीस टक्के घेतले की १५० उरतात. नेआण धरून १३५. म्हणजे घातलेले पैसे परत यायला ३३४ प्रती विकल्या गेल्या पाहिजेत आणि त्यांचे पैसे वसूल झाले पाहिजेत. यातला दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे. पाहुणे, परीक्षणे, पुरस्कारांच्या प्रवेशिका यांत पन्नास-साठ प्रती जातात, हे विसरू नये. पुस्तक करमुक्त आहे. पण कागदाच्या आणि छपाईच्या बिलात वस्तू व सेवा कर असतो आणि तो परत मिळत नाही.

आता हाच हिशेब थेट वाचकाकडून करा. वाचकाला वीस टक्के सवलत देऊन २०० रुपये घेतले, टपाल आणि वेष्टनाचे २५ गेले, हातात १७५ राहिले. खर्च भरून यायला २५८ प्रती पुरतात. छपाईच्या आधी दीडशे जणांनी पैसे भरले असतील तर २६,२५० रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च, छापखान्यात पाऊल टाकण्याआधीच जमलेला असतो. एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथकार पुस्तकाच्या शेवटी आश्रयदात्यांची नावे छापत, ती याच रीतीची खूण होती. ही रीत आपण का सोडली हे मला कळत नाही. पैसे मागायचा संकोच हे कारण असेल, तर पुस्तक फुकट वाटण्याचा संकोच त्याहून जास्त वाटायला हवा.

हजार प्रती काढल्या तर प्रत बरीच स्वस्त पडते, असे छापखान्याचा माणूस सांगेल आणि ते खरेही असेल. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च जितक्या जास्त प्रतींवर पडेल तितका कमी होतो. पण न विकलेली प्रत ही सर्वांत महाग प्रत असते. आता डिजिटल छपाईने पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात, प्रतीमागे थोडे जास्त पैसे देऊन. पहिल्या पुस्तकाला मी शंभरच्या पुढे जायला सांगत नाही; आगाऊ पैसे भरणाऱ्यांची यादी मोठी असेल तरच जावे.

सध्या एक नवा प्रकार फोफावला आहे. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे व्यवसाय. त्यांच्या पॅकेजात अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री, कधी पुरस्काराचे प्रशस्तिपत्रकही असते. पैसे देऊन सेवा घेण्यात गैर काही नाही, आणि प्रामाणिकपणे काम करणारे लोकही या व्यवसायात आहेत. लेखकाने आपण नेमके काय विकत घेतो आहोत ते करारात वाचावे, एवढेच. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पुस्तक लिहिले त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे तो वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. एवढे संरक्षण असताना 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशा ओळीखाली लोक सही करून मोकळे होतात. चित्रपटाचे, भाषांतराचे, श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. छापलेल्या प्रतींचा आकडा छापखान्याच्या बिलावरून पाहा.

आयएसबीएनविषयी एक गैरसमज जाता जाता दूर करतो. तो देणारी भारतातली यंत्रणा राजा राममोहन राय यांच्या नावाची आहे, केंद्र सरकारची आहे, आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. त्यासाठी फी नाही. हा तेरा आकडी क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे; पुस्तक ओळखण्याची ती खूण आहे. ज्याच्या नावाने क्रमांक, तो नोंदीत प्रकाशक. म्हणून शक्यतो तो आपल्या नावाने घ्यावा.

वितरण हा विषय लेखकांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, आणि कॉटखालचे गठ्ठे नेमके त्यामुळेच तिथे राहतात. दुकानात पुस्तक ठेवणे सोपे आहे. नवी पेठेतला ओळखीचा दुकानदार पाच प्रती ठेवूनही घेईल. पण त्या मागच्या रांगेत जातात, सहा महिन्यांनी कोपरे दुमडून परत येतात, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला क्रमिक पुस्तके आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके विकून भाडे भरायचे असते. म्हणून पुस्तक जिथे वाचक जमतो तिथे न्यावे लागते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. चंद्रभागेच्या वाटेवर हरिपाठ, पोथ्या, अभंगगाथा विकणाऱ्या दुकानांकडे एकदा नीट पाहा. वारकरी कुठले पुस्तक उचलतो, अक्षर किती मोठे बघतो, खिशात मावेल का ते कसे तपासतो. संतसाहित्यावर लिहिणाऱ्या सोलापूरच्या लेखकाने आकार आणि टंक ठरवण्याआधी तिथे एक दिवस उभे राहावे. शेतीवर लिहिणाऱ्याने कृषी प्रदर्शनात, गिरणगावावर लिहिणाऱ्याने पूर्व भागातल्या मंडळांत, बालसाहित्य लिहिणाऱ्याने शाळांत. जिल्हा ग्रंथोत्सव दरवर्षी होतो, तिथे लेखकाने स्वतः टेबलामागे बसावे. इथे १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या आणि २००६ साली मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली. चितमपल्ली तर सोलापुरातच जन्मलेले. पुस्तकांवर प्रेम करणारा समाज या शहरात आहे. त्याच्याकडे जायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

टपालाचा आधार स्वतंत्र लेखकाला मोठा आहे. मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आपले वरचे १६० पानांचे पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आत बसते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे आणि आत व्यापारी जाहिराती नकोत. खर्चाला हातभार म्हणून मलपृष्ठावर एखाद्या सराफाची जाहिरात घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती घेण्याआधी ही अट लक्षात ठेवावी.

ग्रंथालये हा महाराष्ट्राचा खरा ठेवा आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळते आणि त्यातून पुस्तके घेतली जातात. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था तर संशोधकालाही उपयोगी पडते. स्वतंत्र लेखक या साखळीत क्वचितच शिरतो, कारण निवडयादीसाठी प्रती कुठे आणि केव्हा पाठवायच्या याची त्याला माहिती नसते. ती माहिती सहाव्या प्रकरणात आहे. शिवाय १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालये यांना प्रत पाठवणे बंधनकारक आहे. स्वतः छापणारा लेखक हाही प्रकाशकच, हे बहुतेकांच्या गावी नसते. चार प्रतींचा खर्च तो काय! पण लेखकाच्या मागे घरातली कपाटे रिकामी झाली, तरी ते पुस्तक कुठेतरी उभे राहते. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचाही विचार करावा. वेळ लागतो; पण हस्तलिखितावर जाणत्याचा अभिप्राय मिळतो, तो पैशाहून मोलाचा.

ई-पुस्तकांवर मी थोडक्यात लिहिले आहे. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके रीतसर येऊ लागली, पुढच्या वर्षी श्राव्य पुस्तकांचे स्टोरीटेल आले, आणि परदेशी राहणाऱ्या सोलापूरकराला आता गावाकडचे पुस्तक त्याच दिवशी वाचता येते. हे चांगलेच झाले. पण तिथेही पुस्तक टाकले म्हणजे ते वाचले गेले असे होत नाही. कागदी पुस्तकाला जो वाचक शोधावा लागतो, तोच इथेही शोधावा लागतो.

पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात एका वहीचा नमुना दिला आहे. रकाने पाच आहेत: नाव, पत्ता, हे पुस्तक त्यांना कशासाठी हवे असेल, आगाऊ पैसे आले का, प्रत कधी रवाना झाली. तिसरा रकाना भरायला सर्वांत अवघड आहे. 'मित्र आहे' हे त्या रकान्यात चालत नाही. 'वडील जुन्या गिरणीत साच्यावर होते', 'ओढ्याकाठच्या शेतीवर काम करतात', 'दर महिन्याला वाचक मंडळ भरवतात' असे काही लिहिता आले तरच ते नाव ठेवावे, नाहीतर खोडावे. तिसऱ्या रकान्यासह शंभर नावे झाली की छापखान्यात दर विचारायला जावे. तोवर हस्तलिखितावर करण्यासारखे काम पुष्कळ उरलेले असते.